विश्लेषण : आळसाला चपराक देणारी कविता लिहिणारा कवी स्वतः मुंगी होता की टोळ?

उन्हाळाभर गाणारा टोळ आणि हिवाळ्याची बेगमी करणारी मुंगी ही गोष्ट ऐकली नाही, असे मूल विरळाच. मराठीत ती इसापनीतीतून येते, इंग्रजी पाठ्यपुस्तकात कविता होऊन येते. या गोष्टीचे जगभर गाजलेले काव्यरूप मात्र फ्रेंच आहे. ज्याँ द ला फोंतेन या कवीने ते १६६८ मध्ये प्रसिद्ध केले आणि फ्रान्समधील मुले आजही ही कविता पाठ करतात. आळस करू नका, उद्याची तरतूद करा, असा तिचा सरळ अर्थ लावला जातो. अडचण एवढीच, की ती लिहिणाऱ्याने स्वतः उद्याची तरतूद कधी केलीच नाही. त्याने वडिलोपार्जित मालमत्ता विकली, नोकरी सोडली, संसार अर्ध्यावर टाकला आणि उतारवय दुसऱ्यांच्या घरी काढले. मग त्याने मुंगीची बाजू का घेतली? मुळात घेतली का?

कवितेत नेमके काय आहे?

कविता जेमतेम २२ ओळींची. मराठीत या गोष्टीतला कीटक कधी टोळ होतो, कधी नाकतोडा. फ्रेंच मूळ कवितेत तो सिकाडा आहे. आपल्याकडे पावसाच्या तोंडावर सह्याद्रीतल्या झाडांवरून कानठळ्या बसवणारी किरकिर ऐकू येते, ती याच कीटकाच्या भाईबंदांची. गोष्टीत हा सिकाडा उन्हाळाभर गातो. थंडी सुरू होते तेव्हा घरात खायला कण नसतो. तो शेजारच्या मुंगीकडे जातो आणि नव्या हंगामापर्यंत थोडे धान्य उसने मागतो. सुगीच्या आधी मुद्दल आणि व्याज दोन्ही फेडण्याची शपथही घेतो. मुंगी विचारते, की उन्हाळ्यात काय करत होतास? गात होतो, असे उत्तर मिळाल्यावर ती त्याला आता नाचायला सांगते. कविता तिथेच संपते.

दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, कवितेच्या शेवटी तात्पर्य नाही. इसापाच्या नावावरील जुन्या ग्रीक गोष्टीला ते होते, ला फोंतेनने ते गाळले. दुसरी, मुंगी कोणाला उसने देत नाही हे सांगताना कवी ‘दोष’ हा शब्द वापरतो. तोही चेष्टेच्या सुरात. त्यामुळे हसू नक्की कोणाचे होते आहे, सिकाडाचे की मुंगीचे, हे वाचकाला शेवटपर्यंत कळत नाही. कवितेतली भाषाही बाजारातली आहे : कर्ज, व्याज, मुद्दल, मुदत. ला फोंतेनला ही भाषा पुस्तकातून शिकावी लागली नव्हती.

ला फोंतेन कुठला, कोणाचा?

पॅरिसच्या पूर्वेला सुमारे ९० किलोमीटरवर, मार्न नदीच्या काठी शातो-तिएरी हे गाव आहे. ला फोंतेनचा जन्म १६२१ मध्ये इथलाच. वडील राजाच्या नद्या-जंगले खात्यातले अधिकारी होते. लाकूडतोड, शिकार, मासेमारी यांवर देखरेख ठेवणे आणि त्यातली भांडणे मिटवणे हे त्यांचे काम. घर मोठे आणि खाऊनपिऊन सुखी. आजूबाजूला नदी, रान आणि शेते. पुढे ज्या प्राण्यांना त्याने कवितेत बोलते केले, त्यांचा शेजार असा लहानपणापासूनचा होता.

वीस वर्षांचा असताना, १६४१ मध्ये, तो पाद्री होण्यासाठी पॅरिसच्या धार्मिक संस्थेत दाखल झाला. दीड वर्षात तिथून बाहेर पडला. नंतर कायदा शिकला, पण वकिली कधी मनापासून केली नाही. त्या काळात पॅरिसमधील तरुण कवींचे टोळके जमवणे, लॅटिन आणि इटालियन लेखक वाचणे आणि गावी परतून भटकणे, एवढाच त्याचा दिनक्रम होता. पहिले पुस्तक छापून आले १६५४ मध्ये. ते एका लॅटिन नाटकाचे रूपांतर होते आणि त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. त्या वेळी तो ३३ वर्षांचा होता.

संसार आणि नोकरी का जमली नाही?

मुलगा मार्गी लागावा म्हणून १६४७ मध्ये वडिलांनी त्याचे लग्न लावून दिले. तो २६ वर्षांचा, तर वधू मारी एरिकार अवघी १४ वर्षांची. १६५३ मध्ये त्यांना मुलगा झाला. मारी वाचनाची आवड असलेली होती, पण दोघांचे सूर जुळले नाहीत. काही वर्षांनी दोघांनी मालमत्ता वेगळी करून घेतली आणि पुढे ती गावी, तो पॅरिसला, असे चालू झाले. भांडणतंटा फारसा नव्हता, पण एकत्र संसारही उरला नव्हता. मुलाच्या वाढण्यातही त्याने फारसे लक्ष घातले नाही. मुलगा मोठा झाल्यावर एकदा समोर आला आणि बापाने त्याला ओळखलेच नाही, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, लोकांना ती पटण्यासारखी वाटत होती, यातच सगळे आले.

नोकरीचेही तेच. त्या काळी फ्रान्समध्ये सरकारी पदे विकत घेता येत, वारशानेही मिळत. ला फोंतेनने १६५२ मध्ये जंगल खात्यातले एक पद घेतले आणि १६५८ मध्ये वडील वारल्यावर त्यांचे पदही त्याच्याकडे आले. सोबत आले कर्ज. भावंडांचा वाटा आणि सावकारांची देणी भागवता भागवता जमिनीचे तुकडे विकले जाऊ लागले. सुमारे वीस वर्षे तो कागदोपत्री जंगल अधिकारी होता. कामात त्याचे मन नव्हते. १६७०च्या दशकाच्या सुरुवातीला हे पद हातातून गेले आणि १६७६ मध्ये शातो-तिएरीचे राहते घरही त्याने विकले. आज त्याच घरात त्याचे संग्रहालय आहे.

श्रीमंताचा आश्रय कसा मिळाला?

पत्नीच्या नात्यातले झाक जानार हे निकोला फुके या बड्या अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करत. फुके राजा चौदाव्या लुईच्या राज्यात अर्थ खात्याचा प्रमुख होता. तो प्रचंड श्रीमंत, हौशी, लेखक-चित्रकारांचा पोशिंदा होता. जानारमार्फत ला फोंतेन त्याच्यापर्यंत पोहोचला आणि १६५८ मध्ये त्याने आपले एक दीर्घकाव्य त्याला अर्पण केले.

फुकेने त्याला वार्षिक तनखा बांधून दिला. अट मजेशीर होती. दर तिमाहीला कवीने काही कविता द्यायच्या, त्या म्हणजे तनख्याची पावती. पॅरिसच्या दक्षिणेला फुके व्हो-ल-व्हिकोंत नावाचा नवा महाल उभारत होता. त्याच्या बागा, कारंजी आणि दालने यांचे वर्णन करणारे काव्य लिहिण्याचे काम ला फोंतेनकडे आले. ते त्याने कधी पूर्ण केले नाही. पण ही तीन वर्षे निर्धास्त होती. गाण्याबद्दल त्याला पोटापुरते मिळत होते आणि उन्हाळ्यात काय करतोस, हे विचारणारे कोणी नव्हते.

हे दिवस कसे संपले?

१७ ऑगस्ट १६६१ रोजी फुकेने नव्या महालात राजासाठी मेजवानी ठेवली. कारंजी, आतषबाजी, मोलिएरच्या नव्या नाटकाचा पहिला प्रयोग, असा थाट होता. ला फोंतेन तिथे हजर होता आणि त्या रात्रीचे वर्णन त्याने मित्राला पत्रातून कळवले. आपल्या मंत्र्याचा हा डामडौल राजाला खुपला, असे म्हटले जाते. फुकेचा काटा काढायचे मात्र त्याआधीच ठरत आले होते आणि त्यामागे कोल्बेर हा दुसरा अधिकारी होता. कोल्बेर हिशेबी, शिस्तीचा, काटकसरी. मेजवानीनंतर १९ दिवसांनी, ५ सप्टेंबरला, फुकेला अटक झाली.

या दोघांची मानचिन्हेही बोलकी होती. फुकेच्या मानचिन्हावर खार होती, कोल्बेरच्या मानचिन्हावर साप. फुकेवर सरकारी पैशाच्या अफरातफरीचा खटला तीन वर्षे चालला. न्यायालयाने हद्दपारीची शिक्षा दिली, राजाने ती वाढवून जन्मठेप केली. १६८० मध्ये फुके डोंगरातल्या किल्ल्यात कैदी म्हणूनच वारला.

पडत्या काळात ला फोंतेन कसा वागला?

फुकेच्या पंगतीला बसलेले बहुतेक जण रातोरात पांगले. राजाची मर्जी गेलेल्या माणसाची ओळख सांगणेही धोक्याचे होते. ला फोंतेनकडे ना पैसा होता, ना पाठीशी कोणी. तरीही १६६२ मध्ये त्याने फुकेसाठी राजाकडे दयेची याचना करणारे शोककाव्य लिहिले. ते नावाविना छापले गेले, पण लेखक कोण हे गुपित राहिले नाही. पुढच्या वर्षी त्याने थेट राजाला उद्देशून आणखी एक काव्य लिहिले. त्याच सुमारास, हक्क नसताना उमरावाची उपाधी लावल्याबद्दल त्याला मोठा दंड झाला. तो कमी व्हावा म्हणूनही त्याला पद्यातच अर्ज करावा लागला.

१६६३ मध्ये जानार यांना पॅरिसबाहेर पाठवण्यात आले, तेव्हा ला फोंतेन त्यांच्यासोबत गेला. वाटेवरून पत्नीला लिहिलेली त्याची पत्रे प्रसिद्ध आहेत. आंब्वाझच्या किल्ल्यात फुकेला काही काळ ठेवले होते. ला फोंतेनने ती कोठडी पाहण्याची विनंती केली. आत जाता आले नाही, तर तो बंद दारापाशीच रेंगाळत राहिला. पहारेकऱ्याकडून कैद्याला कसे ठेवले होते ते ऐकत राहिला आणि अंधार पडल्यावर कसाबसा तिथून हलला.

याच काळात कोल्बेरच्या देखरेखीखाली राजाकडून लेखक-विद्वानांना वार्षिक मानधन सुरू झाले. त्या यादीत ला फोंतेनचे नाव नव्हते. आळशी आणि स्वतःत रमलेला म्हणून ओळखल्या गेलेल्या या माणसाने आयुष्यात एक मोठी जोखीम पत्करली, ती उपकारकर्त्यासाठी. तिची किंमत तो पुढे वीस वर्षे मोजत होता.

ही गोष्ट पुस्तकात पहिलीच का आली?

१६६४ मध्ये त्याला ऑर्लेआंच्या वृद्ध विधवा डचेसच्या पदरी छोटी नोकरी मिळाली. मान बरा, पगार तुटपुंजा. त्याच काळात त्याच्या चावट पद्यकथा गाजू लागल्या होत्या. मार्च १६६८ मध्ये मात्र अगदी वेगळे पुस्तक आले. इसाप आणि इतर प्राचीन लेखकांच्या निवडक नीतिकथा त्याने पद्यात आणल्या होत्या. सहा भाग, १२४ कथा, सोबत चित्रे आणि अर्पणपत्रिका सहा वर्षांच्या युवराजाला. कवी तोवर ४६ वर्षांचा झाला होता.

नीतिकथा तेव्हा शाळेतला विषय होता. लॅटिन शिकणाऱ्या मुलांना भाषांतरासाठी त्या दिल्या जात. त्यांत मोठ्यांच्या तोलाची कविता दडलेली असेल, असे कोणाला वाटत नव्हते. ला फोंतेनने लांब-आखूड ओळी, बोलीतले संवाद, कोपरखळ्या आणि दोन शब्दांत उभी राहणारी पात्रे यांनी त्या गोष्टी जिवंत केल्या. पुस्तकाच्या आवृत्त्या निघत गेल्या. त्या काळी लेखक हस्तलिखित प्रकाशकाला विकून मोकळा होत असे, त्यामुळे या यशातून तो श्रीमंत झाला नाही.

या पुस्तकातली पहिलीच कथा सिकाडा आणि मुंगीची आहे. गाऊन पोट भरू पाहणारा आणि त्याला दारातून परतवणारी शेजारीण, असे चित्र कवीने राजपुत्राच्या हाती दिलेल्या पुस्तकाच्या अगदी दारातच टांगले. काही अभ्यासक यात फुकेनंतरच्या काळातील कवीची स्वतःची अवस्था पाहतात. कवीने तसे कुठे सांगितलेले नाही. पण १६६८ मध्ये त्याच्या खिशाची स्थिती पाहता, तो मुंगीच्या जागी उभा राहून लिहीत होता असे मानणे अवघड आहे.

वीस वर्षे त्याला कोणी सांभाळले?

१६७२ मध्ये वृद्ध डचेस वारली आणि नोकरी गेली. ला फोंतेन पन्नाशी ओलांडलेला होता. अशा वेळी मादाम द ला साब्लिएर या विदुषीने त्याला आपल्या घरी राहायला जागा दिली. गणित आणि खगोलशास्त्राची जाण असलेली ही बाई पतीपासून वेगळी राहत होती. तिच्या दिवाणखान्यात शास्त्रज्ञ, प्रवासी, कवी जमत. तिने ला फोंतेनची खोली, जेवण, कपडे यांची काळजी घेतली आणि मोबदल्यात काही मागितले नाही. एकदा तिने घरातले सगळे नोकर काढून टाकले, तेव्हा आपल्याकडे आता कुत्रा, मांजर आणि ला फोंतेन हे तीनच प्राणी उरले, असे ती गमतीने म्हणाल्याचे सांगतात.

या घरात त्याचे उत्तम लेखन झाले. १६७८-७९ मध्ये नीतिकथांचे पुढचे पाच भाग आले. त्यांत एक दीर्घ काव्य त्याने या बाईंना उद्देशून लिहिले. प्राणी म्हणजे चावी दिलेली यंत्रे, त्यांना मन नाही, असे मत तेव्हा तत्त्वज्ञ देकार्तच्या अनुयायांमध्ये रूढ होते. ला फोंतेनने त्याला पद्यातून हरकत घेतली आणि प्राण्यांच्या हुशारीची उदाहरणे दिली. पुढे या बाईंनी संसारी जगातून लक्ष काढून रुग्णसेवेला वाहून घेतले. कवीची सोय मात्र त्यांनी मोडली नाही.

भारताशी त्याचे नाते काय?

१६७८च्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच ला फोंतेनने पिल्पे या भारतीय ज्ञानी पुरुषाचे ऋण मान्य केले आहे. पिल्पे हे बिदपाई या नावाचे फ्रेंच रूप. पंचतंत्रातील कथा पहलवी, अरबी, फारसी असा प्रवास करत युरोपात पोहोचल्या, त्या या नावाने. त्यांचे एक फ्रेंच भाषांतर पॅरिसमध्ये १६४४ मध्ये छापले गेले होते. काठी तोंडात धरून दोन हंसांबरोबर उडणारे आणि बोलायला तोंड उघडताच पडणारे कासव ला फोंतेनकडे आहे, फक्त हंसांची बदके झाली आहेत. उंदरीची मुलगी होण्याची आणि शेवटी उंदीरच वर निवडण्याची गोष्टही आहे. सातूच्या मडक्याकडे पाहत मनोराज्य करणाऱ्या ब्राह्मणाच्या जागी तिकडे डोक्यावर दुधाची घागर घेतलेली तरुणी येते.

मादाम द ला साब्लिएरच्या वर्तुळात फ्रांस्वा बर्निए हा वैद्य-प्रवासीही होता. मोगल दरबारात अनेक वर्षे राहून तो परतला होता. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सुरतेवर घातलेल्या छाप्याची नोंद त्याच्या प्रवासवर्णनात आहे. ला फोंतेनच्या मित्रांमध्ये भारत हा असा ऐकीव नव्हे, पाहिलेल्या माणसाकडून कळलेला देश होता. पुढे एकोणिसाव्या शतकात, रणजितसिंहांच्या पदरी असलेल्या फ्रेंच सेनानीमार्फत, लाहोरचे चित्रकार इमाम बख्श यांच्याकडून ला फोंतेनच्या कथांची चित्रे काढून घेण्यात आली. ती आता शातो-तिएरीच्या संग्रहालयात आहेत.

कोल्बेरच्या खुर्चीवर तो कसा बसला?

सप्टेंबर १६८३ मध्ये कोल्बेर वारला. तो फ्रेंच अकादमीचा सदस्य होता. ४० सदस्यांच्या या संस्थेत एक जागा रिकामी झाली आणि सदस्यांनी तिच्यावर ला फोंतेनला निवडले. राजाने मंजुरी अडवून धरली. चावट पद्यकथांच्या एका संग्रहावर पोलिसांनी १६७५ मध्ये बंदी घातली होती, हे एक कारण. राजाच्या मर्जीतला कवी ब्वालो याला आधी जागा मिळावी, हे दुसरे. काही महिन्यांनी आणखी एक जागा रिकामी झाली, ब्वालो निवडून आला आणि मगच ला फोंतेनचा मार्ग मोकळा झाला.

२ मे १६८४ रोजी त्याचा प्रवेशसमारंभ झाला. प्रथेप्रमाणे नव्या सदस्याला आधीच्या सदस्याचा गौरव करावा लागतो. फुकेला संपवणाऱ्या आणि आपल्याला मानधनाच्या यादीबाहेर ठेवणाऱ्या माणसाचे गुणगान ला फोंतेनला करावे लागले. त्याच दिवशी त्याने मादाम द ला साब्लिएरला उद्देशून लिहिलेली एक कविताही वाचली. तिच्यात त्याने आपल्या चंचलपणाची, एका फुलावरून दुसऱ्यावर जाण्याच्या सवयीची आणि वाया गेलेल्या वर्षांची कबुली दिली होती.

तो खरेच आळशी होता का?

ही ख्याती त्याने स्वतःच पसरवली. आपल्या समाधीसाठी त्याने गमतीने काही ओळी लिहून ठेवल्या होत्या. त्यांचा आशय असा, की या माणसाने मिळकतीबरोबर भांडवलही खाल्ले आणि वेळेचे दोन भाग करून एक झोपेत, दुसरा काहीही न करण्यात घालवला. बैठकीत तो गप्प असे, भलत्याच विचारात हरवलेला असे. त्यावरून त्याच्या विसरभोळेपणाचे किस्से तयार झाले.

त्याचे काम मात्र वेगळे सांगते. नीतिकथांचे बारा भाग त्याने सुमारे २५ वर्षांत पूर्ण केले आणि कथांची संख्या जवळपास २४० आहे. शिवाय नाटके, पद्यकथा, एक गद्यपद्य मिश्रित कादंबरी. एका नीतिकथेचा त्याच्या हातचा कच्चा खर्डा उपलब्ध आहे. छापील कवितेशी तो ताडून पाहिला तर खर्ड्यातल्या अगदी मोजक्या ओळी शेवटपर्यंत टिकलेल्या दिसतात, बाकी सगळे त्याने नव्याने लिहिले. सहज सुचल्यासारखी वाटणारी ओळ घडवायला किती वेळ लागतो, हे हिशेबाच्या वहीत दिसत नाही. सिकाडाच्या गाण्याबाबत मुंगीची अडचण हीच होती.

कवितेवर आक्षेप कोणते आले?

१७६२ मध्ये तत्त्वज्ञ रूसोने शिक्षणावरील आपल्या ग्रंथात या नीतिकथा मुलांना शिकवण्यावर आक्षेप घेतला. त्याच्या मते या गोष्टीतून मूल कष्ट शिकण्याऐवजी मुंगीचा कठोरपणा उचलेल. मागणाऱ्याला नाही म्हणायचे आणि वर त्याची थट्टा करायची, एवढेच ते लक्षात ठेवेल.

दुसरा आक्षेप कीटकशास्त्रज्ञ झाँ-आंरी फाब्रने घेतला. दक्षिण फ्रान्समध्ये त्याने सिकाडा वर्षानुवर्षे पाहिले होते. सिकाडा दाणे खात नाही, झाडाचा रस शोषतो. जमिनीखाली काही वर्षे काढल्यावर प्रौढ कीटक बाहेर येतो आणि थोडेच आठवडे जगतो, त्यामुळे हिवाळ्यात तो कोणाच्या दारी जाणे शक्यच नाही. उलट, उन्हात त्याने सालीला पाडलेल्या भोकातून झिरपणाऱ्या रसावर मुंग्याच गर्दी करतात आणि मूळ मालकाला हुसकतात, असे फाब्रने नोंदवले. गाणारा सिकाडा हा फक्त नर असतो, हेही कवितेत नाही. तिथे फ्रेंच व्याकरणामुळे तो स्त्रीलिंगी आहे.

निसर्गविज्ञान म्हणून कविता चुकीची आहे, यात वाद नाही. पण तात्पर्य न देता थांबण्याची ला फोंतेनची निवड हेच या वादांचे मूळ आहे. वर्गात बहुतेकदा शिक्षक ते तात्पर्य स्वतः जोडतात आणि मुंगीच्या शेवटच्या शब्दांवर प्रश्न विचारायचे राहून जाते.

कवीचा हिवाळा कसा गेला?

१६९२च्या अखेरीस ला फोंतेन गंभीर आजारी पडला. एका तरुण धर्मगुरूच्या आग्रहावरून त्याने चावट पद्यकथांबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. फेब्रुवारी १६९३ मध्ये अकादमीच्या प्रतिनिधींसमोर हे घडले. त्याच्या आजारपणातच, जानेवारीत, मादाम द ला साब्लिएर वारली. म्हणजे ७१व्या वर्षी कवीजवळ घर नव्हते, जमीन नव्हती, पगार नव्हता. साठवलेला एक दाणाही नव्हता. गोष्टीतली थंडी शब्दशः आली होती.

पुढचा प्रसंग त्याच्या चरित्रांतून नेहमी सांगितला जातो. एर्व्हार हे त्याचे सधन स्नेही ही बातमी ऐकून त्याला शोधायला निघाले. रस्त्यातच दोघांची गाठ पडली. आमच्याकडे राहायला चला, असे एर्व्हार यांनी म्हणताच, मी तिकडेच निघालो होतो, असे उत्तर ला फोंतेनने दिले. व्याज, मुद्दल, मुदत यांचा विषय निघाला नाही. आजवर काय केलेस, हेही कोणी विचारले नाही. एर्व्हार दांपत्याने त्याला शेवटपर्यंत सांभाळले. याच काळात नीतिकथांचा बारावा आणि अखेरचा भाग प्रसिद्ध झाला.

१३ एप्रिल १६९५ रोजी पॅरिसमध्ये, एर्व्हार यांच्या घरी, ७३व्या वर्षी तो वारला. आयुष्यभर मजेत जगला असे ज्याच्याबद्दल मानले जाई, त्याच्या अंगावर कपड्यांच्या आत प्रायश्चित्तासाठी घालतात तसे खरखरीत केसांचे वस्त्र सापडले, असे त्याच्या जवळच्यांनी नोंदवले आहे. मागे मालमत्ता म्हणावी असे काही उरले नव्हते. त्या २२ ओळी मात्र तेव्हाच मुलांच्या तोंडी होत्या आणि शातो-तिएरीतल्या, त्याने विकलेल्या घरात आता ही गोष्ट ऐकायला शाळेच्या सहली येतात.